वाढत्या अंगाची मोटार

ईदचे कपडे आमच्या घरी नेहमी पुढच्या वर्षाचे असायचे. बाह्या दुमडून आम्ही ईदगाहावर जायचो. पुढच्या ईदला बाह्या नीट बसायच्या, पण तोवर कापड विटलेलं असायचं.

०

भिजलेल्या काथ्याला एक वास येतो. उन्हात टाकला तरी तो जात नाही.

०

मिरजेच्या मालधक्क्यावर एकदा चार चाकं, एक इंजिन आणि एक स्टिअरिंग उतरलं. वर काही नाही. चालवणारा चहाच्या खोक्यावर बसून ते गावातून घेऊन गेला आणि कुत्री वेशीपर्यंत मागं धावली. मी हे पाहिलेलं नाही. माझ्या आजोबांनीही पाहिलेलं नसावं, पण ते कुत्र्यांचे रंगसुद्धा सांगायचे.

०

लोणावळ्याकडच्या एका हॉलमध्ये पितळी पाटी. शेवटची ओळ: कृपया स्पर्श करू नये.

०

माणसाची पाठ सरळ नसते. हूड-कुशनच्या धंद्यात उस्ताद हे पहिल्याच आठवड्यात सांगतो. मग आपण जन्मभर सरळ पाठी शिवत बसतो, कारण गिऱ्हाईक तशाच मागतं.

०

"चपला काढ."

माझा एक पाय मोटारीच्या पायरीवर होता, हात दाराच्या मुठीवर. वळून पाहिलं. शेडच्या तोंडाशी एक म्हातारी उभी होती. मुळात उंच असावी, पण पाठीतून आणि मानेतून अशी वाकलेली की ती उंची कुठंतरी आतच राहिली होती. काखेत कळशी.

"आजी, मोटार आहे ही," मी म्हणालो.

"तुला मोटार दिसत आसंल. चपला काढ."

काढल्या. मिरजेहून दोन एसट्या बदलून आलो होतो, खांद्यावर अवजारांची पिशवी होती, आणि वाद घालण्याइतकं अंगात काही उरलं नव्हतं.

दार उघडलं तर आत संसार. बैठकीवर घडी घातलेली वाकळ. खिडकीच्या जाळीला अडकवलेला कंगवा, आरशाचा तुकडा, मिसरीची डबी. छताच्या पितळी कडीला पिशवी, तिच्यात कांदे. जिथं एकेकाळी पानाचं तबक ठेवत असतील त्या कोनाड्यात तांब्या, वर भांडं पालथं.

"पाण्याला गेले तर शिरलास व्हय घरात," म्हातारी कळशी टेकवत म्हणाली. रागानं नाही. तिलाही रागवायचा कंटाळा आला असावा.

ही बाळाक्का, वडगिरीच्या राजवाड्यातली जुनी मोलकरीण.

वडगिरी हे आमच्या भागातलं लहानसं संस्थान. मी गेलो तेव्हा राजवाड्यात पाटबंधाऱ्याचं ऑफिस होतं. मागं उरला होता पत्र्याचा लांबलचक मोटारखाना, आणि त्याला लागून दोन खोल्या. त्या खोल्यांत शेवटच्या राजांचे नातू अप्पासाहेब एकटेच राहत. मोटारखान्यात मोटार एकच. तिचं इंजिन कधीच निघून कुणाच्या तरी विहिरीवर पाणी उपसायला गेलं होतं. पण अंग शाबूत होतं आणि मोटारीचं मोल अंगातच होतं. सांगाडा विलायतेहून आलेला, अंग मात्र वडगिरीच्या रथशाळेत बनलेलं. जिथं देवीचा रथ झाला तिथंच, त्याच सुताराच्या हातचं, सागवानाचं. राणीसाहेब पडद्यात असत, म्हणून मोटारही पडद्याची. मागचा भाग बंद आणि उंच, खिडक्यांना लाकडी जाळ्या, दारांवर कमळं. आत एक मोठी बैठक, आणि समोर दासीला बसायला एक छोटी. गाव तिला मोटार म्हणत नसे. माजघर म्हणे.

आता रस्ता रुंद होणार होता. शेड आणि खोल्या दोन्ही पडणार होत्या. अप्पासाहेब पुण्याला मुलीच्या फ्लॅटमध्ये निघाले होते. मोटार मुंबईच्या एका शेठजींच्या लोणावळ्याकडच्या संग्रहालयाला जाणार होती. ट्रक यायच्या आत बैठक नीट करायची म्हणून मला बोलावलं होतं. मी दस्तगीर तांबोळी, मिरजेत हूड-कुशनचं दुकान. जीप, टेम्पो, डॉक्टरांच्या फियाटी. असलं काम आयुष्यात आलं नव्हतं.

बोलावणारे सबनीस, या शेठजींचे माणूस. त्यांच्या खिशात पोटाच्या गोळ्या असत आणि बोलता बोलता ते एक चघळायला घेत.

"मिस्त्री, बैठक अशी झाली पाहिजे की राणीसाहेब आत्ताच उतरून गेल्यात असं वाटावं."

"मी सकाळीच उतरले की," बाळाक्का म्हणाली. "तसं दिसंना व्हय?"

"आजी, तुम्ही जरा गाडीला हात लावू नका. मोलाची वस्तू आहे."

"ती रोज पुसतंय कोन? तुमचं शेठ?"

अप्पासाहेब खोलीतून चहाचा ट्रे घेऊन आले. साठीला टेकलेले, कोपरावर रफू केलेला स्वेटर, कप त्यांनी स्वतःच विसळलेले. बाळाक्कानं कप नाकापाशी नेला.

"धाकलं सरकार, यंदा साखर घातलीया न्हवं?"

"घातली, आक्का."

"न्हाई, बगायचं आपलं. मागल्या टायमाला मीठ हुतं."

सबनीसांनी मोटारीभोवती एक फेरी मारली आणि हळू आवाजात अप्पासाहेबांना विचारलं, "या बाईंचं काय? ट्रक येईल तेव्हा तमाशा नको."

"आक्का माझ्याबरोबर पुण्याला येणार आहे."

"कोन म्हंतंय?" बाळाक्काला हळू आवाजातलं नेमकं ऐकू यायचं.

"मी म्हणतोय. हजारदा."

"आन् झोपू कुटं?"

"हॉलमध्ये. चांगली कापसाची गादी आहे."

"गादीवर झोपाय मला येत न्हाई."

तो म्हातारपणाचा हट्ट आहे असं सगळ्यांनी धरलं. मीही.

०

बैठक बाहेर काढायला दुपार गेली. वरचं कातडं सुकून पापडासारखं झालेलं. दाभणानं टाके उसवत गेलो. खाली घोड्याचे केस, त्याखाली काथ्या, त्याखाली तागाचं कापड. कातडं सोललं आणि हात थांबला. भरणाला खळगा होता. उजवीकडच्या कोपऱ्यात, बैठक आणि पाठ मिळतात तिथून सुरू होऊन वर तिरपा गेलेला. एक खांदा जास्त खोल, एक कमी.

जुन्या बैठकीला खळगे असतातच. पण ते बुडाचे असतात. हा अख्ख्या माणसाचा होता.

भरण तसंच उचलून बाजूला ठेवलं आणि सवयीनं मी रिकाम्या चौकटीत फळीवर बसून पाहिलं. भरण काढल्यावर बैठक खाली जायला हवी. तरीही माझ्या टाचा जेमतेम टेकत होत्या. मी काही बुटका नाही.

"अप्पासाहेब, राणीसाहेब उंच होत्या का?"

"आजीसाहेब? छे." त्यांनी आपल्या छातीखाली आडवा हात धरला. "एवढ्या."

"नक्की?"

"मांडीवर बसलोय त्यांच्या. मांडी मला पुरायची नाही." ते थोडं हसले. "का?"

"असंच."

सबनीस मोटारीच्या दारातली कमळं कागदावर टिपून घेत होते. "पाटीसाठी विचारतो. दर नवरात्रात राणीसाहेब या गाडीतून देवीला जात, बरोबर?"

"हो. संस्थानच्या शताब्दीला स्मरणिका काढली होती, तिच्यात मीच लिहिलंय."

शेडच्या दारात बाळाक्का तांदूळ निवडत बसली होती. "जायच्या की," ती सुपाकडं बघत म्हणाली. "मेन्यातनं."

ते कुणी ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि सोडून दिलं.

(पाटीवर आज असं लिहिलंय: राणीसाहेबांच्या वापरासाठी त्यांच्याच मापानुसार केलेली खास बांधणी. पहिला अर्धा भाग खरा आहे.)

०

रात्री मी अप्पासाहेबांच्या बाहेरच्या खोलीत झोपलो. सकाळी तोंड धुवायला बाहेर आलो तर बाळाक्का शेडच्या भिंतीला टेकून बसलेली. वाकळ अंगावर, गुडघे छातीशी, डोळे उघडे.

"इतक्या लवकर?"

"लवकर कसलं. जागीच हाय."

"गादी दिली होती ना अप्पासाहेबांनी?"

"दिली हुती." तिनं हनुवटीनं दाखवलं. गादी पलीकडं घडी करून ठेवली होती. "पडून बगितलं. पाठ टेकत न्हाई. कुशीवर झालं तर खांदा वर येतोय. पाठ म्हंती, कुटं ठिवलंस गं मला."

उठताना तिनं भिंतीला हात लावला. मी धरायला गेलो तर नको म्हणाली. पण ती उठत असताना मी तिची पाठ बाजूनं पाहिली. उजवा खांदा मागं, डावा पुढं, मान पुढं काढलेली.

कालचा खळगा उलटा करून उभा केला तर असाच दिसला असता.

मी तोंड न धुताच शेडमध्ये गेलो. बैठकीचं भरण तागावर पडलं होतं. आज ते उकरून, काथ्या पिंजून, सपाट करून पुन्हा भरायचं होतं. माझं कामच ते होतं.

०

दाभण हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. बाळाक्का येऊन समोर टेकली.

"कर की. थांबलास का?"

"तुम्ही किती वर्षं झोपताय यात?"

"मोलकरनींच्या खोल्या हापिसानं घेतल्या तवापास्नं. राणीसाहेब गेल्या, त्येंचं ल्योक मंबईला. मग हितंच." तिनं मिसरीची डबी काढली. "बसले आन् बसलंच आंग. जनू माज्यासाठनंच केलेलं."

"उंची तुमच्या मापाची आहे खरी," मी म्हणालो. "राणीसाहेबांचे पाय टेकलेच नसते."

तिनं मिसरी लावायची थांबवली. माझ्याकडं नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

"तुला कसं कळलं?"

"बसून पाहिलं."

"हं." मग दाराकडं एक नजर टाकून म्हणाली, "माप माजंच हाय त्ये."

मी दाभण खाली ठेवलं. थकलेल्या माणसाला मध्येच प्रश्न विचारला की तो बोलायचा थांबतो.

"मोटार मापाची करायची तर सुतारानं बगाय नगं? राणीसाहेबांस्नी कोन बगनार? माप सांगायचं बी न्हाई. बाईमान्साचं माप परक्या गड्याला ठावं झालं म्हंजी..."

"बघितल्यासारखंच."

"मग. कारभाऱ्यांनी राजवाड्यातल्या समद्या बायका राणीसाहेबांच्या शेजारी हुब्या केल्या. येक बी जमंना. येवढी बारकी बाई कुटनं आनायची? मग मला हाक मारली. बारा-तेरा वर्साची आसंन. डोस्क्याला डोस्कं बराबर लागलं. माप लुगड्यासकट पायजे, म्हून राणीसाहेबांचं रेशमी लुगडं नेसवलं, हितवर पदर वढला. कारभारी म्हनला, तिथं तोंड उगाडलंस तर जीभ छाटीन. आन् मेन्यात घालून रथशाळंला."

"सुतार गावचाच?"

"न्हाई रं. रथासाठनं खालतीकडनं आनल्याला, कानडी मुलुखातनं. म्हातारा. मी मेन्यातनं उतरले तर हात जोडून हुबा. मान वर करंना. त्येला वाटलं..." ती हसली. हसताना खोकला आला.

"तुम्हीच राणीसाहेब."

"रेशमी लुगडं, मेना, कारभारी दाराशी पाठ करून हुबा. त्यो तरी काय समजनार? तिकडं बी आसत्याल बारक्या बारक्या राण्या. त्येनं मला हात लावला न्हाई. जनाक्का म्हून बाई हुती, ती दोरी धरी, आन् त्यो लांबनं बगून गाठ मारायला सांगी. पाठीची येक गाठ. मांडीची येक. गुडग्यापास्नं खाली येक. आन् दर गाठीला म्हनायचा, थोडी फुडं सोड."

"पुढं? का?"

"मला बी कळंना. मग त्यो आपल्या पोराला कानडीत म्हनला. आई माजी तिकडलीच, मला समजायचं. म्हनला, बाईसाहेब आजून वाढायच्या हाईत. मोटार काय दरसाली नवी हुत न्हाई. वाढत्या अंगाची करूया."

बाहेर ऑफिसचा शिपाई सायकलीला पंप मारत होता.

"तुम्ही काही बोलला नाही?"

"जीब छाटली आस्ती की!" मग ती मिसरीची डबी बंद करत, डबीकडंच बघत म्हणाली, "आन् खरं सांगू? बरं वाटलं. माज्यासाठनं तवर कुनी काय वाढीव ठिवलं नव्हतं. मला मिळायचं त्ये दुसऱ्याचं, आन् आखूड."

"आणि राणीसाहेब?"

"बसल्या की. मोटार तयार झाली, शृंगारली, नारळ फोडला. आत बसल्या. मी समूर. पाय हे आसं लोंबकळत, ल्हान पोरावानी. खिडकीची जाळी डोस्क्याच्या वर, भाईरचं काय दिसंना. जरा येळ बसल्या. उतरल्या. म्हनल्या, छान झालीया. त्या दिसापास्नं पुन्यांदा पाय ठिवला न्हाई."

"कुणी विचारलं नाही?"

"काय इचारनार? राणीसाहेब, तुमी बुटक्या हाईसा का?"

मी हसलो. तीही हसली.

"तुम्ही मात्र वाढलात," मी म्हणालो.

"वाढले की. म्हाताऱ्यानं दोरी जितकी फुडं सोडली हुती तितकीच. बोटभर बी जास्ती न्हाई."

मागं कप वाजला. अप्पासाहेब दारात उभे होते. ट्रे हातात तसाच, चहावर साय धरलेली. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

"मला वाटायचं त्यांना पेट्रोलचा वास सोसत नव्हता," ते म्हणाले. "आमच्यात तसंच सांगायचे. आक्का, तू कधी बोलली नाहीस."

"तुमी इचारलं कवा?"

"विचारायला सुचायला पाहिजे ना."

"त्ये बी खरं," बाळाक्का म्हणाली, आणि ट्रेमधला कप उचलून नाकापाशी नेला.

०

सबनीस दुपारी आले तेव्हा अप्पासाहेबांनीच विषय काढला. बैठक चौकटीसकट बाळाक्काला राहू द्यावी. मोटारीत मिस्त्री दुसरी करून देतील. शेठजींना सांगायला ते स्वतः मुंबईला फोन लावतील.

सबनीसांनी ऐकून घेतलं. गोळी काढली, चघळली.

"सरकार, ती चौकट म्हणजेच गाडी. रथाच्या सुतारानं केलेली, खिळा नाही एक. तीच काढून दिली तर शेठ माझ्याकडून रिकामा डबा घेणार का?"

"मोटार माझी आहे अजून."

"आहे ना. पण शब्द दिलाय तुम्ही. आणि शेड पडणार ती पडणारच. चौकट ठेवणार कुठं? फ्लॅटमध्ये?" मग माझ्याकडं वळले. आवाज उतरला. "मिस्त्री, मी पण नोकरच आहे हो. आतलं भरण पाहिजे तर घ्या. ते तसंही टाकूनच द्यायचंय."

अप्पासाहेबांनी शब्द दिलेला होता. त्यांच्या घराण्यात शेवटी उरलं होतं ते एवढंच, आणि ते त्यांना मोडवेना.

मी बाळाक्काकडं पाहिलं. ती तांदळातले खडे काढत होती.

मी भरण उकरलं नाही. खळग्यात वर्तमानपत्रं कोंबली, वर तागाचं कापड घातलं, चारी बाजूंनी सुतळीनं आवळलं, म्हणजे प्रवासात आकार जाणार नाही. मग नव्या काथ्यानं, नव्या केसांनी मोटारीची बैठक भरली. सपाट, ताठ. वर जुन्याच रंगाचं कातडं. सबनीसांनी तळहातानं दाबून पाहिलं.

"वा. कुणी कधी बसलंच नाही असं वाटतंय."

निघायच्या आधी मी टेप काढली.

"आक्का, उभ्या राहा."

"कशापायी?"

"तुमची बैठक करतो. मिरजेत. कोपऱ्याची, दोन बाजूंना पाठ, पाय ठेवायला समोर फळी. हेच भरण घालून. पुण्याला टेम्पोतून जाईल."

ती भिंतीला हात लावून उठली आणि पदर खोचून उभी राहिली. मी टेप लांबून धरून अंदाज घेत होतो. परक्या बाईचं माप घ्यायचं म्हणून हात आखडत होता.

"हात लावून घे की रं," ती म्हणाली. "मी काय राणी न्हाई."

पाठ घेतली. मांडी घेतली. गुडघ्यापासून टाच.

"वाढीव धरू नगंस."

"नाही धरत."

"उलटं उतरतं धर. आंग उतराय लागलंय."

"उतरतंही नाही. नेमकं धरतो."

"बग बाबा," ती म्हणाली. "नेमकं कुनी आजवर धरल्यालं न्हाई."

०

मला वेळ लागला. मिरजेत आल्यावर एका टेम्पोवाल्याचं काम अडलेलं, त्यात माझीच पाठ धरली. खाली वाकून चौकट ठोकता येईना. शेजारच्या सुताराकडून साध्या लाकडाची करून घेतली. भरण मात्र मीच बसवलं. सुतळी सोडली, कागद काढले. खळगा होता तसा होता. वर जाड सुती कापड घातलं. रेक्झिन घातलं असतं तर म्हातारीला उन्हाळ्यात चिकटलं असतं.

एसटीच्या टपावर टाकून वडगिरीला आणली तेव्हा मोटार गेलेली होती. शेडच्या जमिनीवर ती जिथं उभी असायची तिथं काळपट चौकोन उरला होता. बाळाक्का त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसलेली. डोळे आत गेलेले. तिनं माझ्याकडं न बघता बैठकीकडं पाहिलं.

अप्पासाहेब आणि मी ती उचलून चौकोनात ठेवली. पुसली.

"बसा, आक्का."

ती बसली. टाचा टेकल्या. पाय फळीवर घेतले तर तेही बरोबर आले. मग हळूहळू मागं रेलली. उजवा खांदा आत गेला, मान गेली, आणि सगळं अंग एकदम सैल पडलं. एवढं सैल की अप्पासाहेबांनी पुढं होऊन बघितलं. तिनं डोळे मिटले होते. श्वास चालू होता.

आम्ही दोघं उभे राहिलो. पत्र्यावर कावळा चालत होता. मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

मिटल्या डोळ्यांनीच तिचा डावा हात उठला. बाजूला गेला, हवेत काहीतरी शोधलं, थोडा वेळ तसाच राहिला आणि परत मांडीवर आला.

"काय पाहिजे, आक्का?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"काय न्हाई. दार वढून घ्यायची सवय."

तिनं डोळे उघडले, माझं तोंड पाहिलं, आणि बहुधा त्या तोंडासाठीच म्हणाली, "ब्येस झालीया, मिस्तरी. माजीच हाय. फकस्त दार न्हाई हिला."

दार मला सुचलं नव्हतं. मी पाठीचा माणूस. दारं माझ्याकडं कधी येत नाहीत.

"करून देतो," मी म्हणालो.

"आता ऱ्हाऊ दे. फ्लॅटात दाराला दार कुटं लावतूस."

ती पुण्याला गेली. बैठकही गेली. दोनेक वर्षांनी अप्पासाहेब मिरज स्टेशनवर भेटले, स्वेटर तोच. बाळाक्का गॅलरीत झोपते म्हणाले. हॉलमध्ये टीव्ही असतो, मुलं असतात. गॅलरीला त्यांनी चादरीचा पडदा लावून दिला होता.

"ओढून घेते का?"

"घेते. पण कापड आहे ते, दस्तगीर. वाऱ्यानं उघडतं. मग उठते, पुन्हा ओढते."

"झोप?"

"डोळे मिटलेले असतात."

त्यांची गाडी लागली होती. डब्यात चढल्यावर त्यांनी खिडकीतून सांगितलं की आता ती बैठकही तिला मोठी पडते, दोन उशा लावाव्या लागतात. त्याच थंडीत ती तिथंच वारली. मला उशिरा कळलं.

मोटार ट्रकवर चढवली त्या सकाळी, अप्पासाहेबांनी नंतर सांगितलं, वडगिरीत रॉकेल आलं होतं. बाळाक्का डबा घेऊन रांगेत उभी होती.